पायाचा रकाना

शुगरच्या पेशंटचे पाय मी दीड वर्ष तपासले नाहीत आणि तपासले असं लिहीत राहिले. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे सांगता सांगता मी हळूच स्वतःला सोडवायला लागेन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

मी नर्स. पाथर्डी तालुक्यात, तिसगावचा बाजार जवळ पडतो अशा एका गावात एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे, तिथे मी बारा वर्षं आहे. गाव माझ्या माहेरचं. लग्न होऊन शेजारच्याच गावात गेले, त्यामुळे दवाखान्यात येणारी निम्मी माणसं मला एकेरीत हाक मारतात आणि उरलेली निम्मी माझ्या वडिलांची चौकशी करतात. मी जरा तोंडाळ आहे. कुणी गोळ्या चुकवल्या, सणाला पुरणपोळीवर ताव मारला, की चारचौघांत झापते. ‘तुज्यापरीस माजी सासू बरी हुती,’ असं एक आजी मला म्हणाल्या होत्या आणि मला ते फार आवडलं होतं. कडक आणि कामाची, अशी माझी ख्याती. ती मी जपूनही होते.

महिन्यातून एक दिवस आमच्याकडे शुगरचा असतो. माणसं उपाशीपोटी सकाळी सातपासून येऊन बसतात. बोटातून रक्त घ्यायचं, वजन, बीपी, मग डॉक्टर, मग महिन्याच्या गोळ्या. प्रत्येकाकडे एक पिवळं कार्ड असतं, ते घरी ठेवतात आणि येताना आणतात. त्यावर जे लिहायचं तेच दवाखान्याच्या टॅबमध्येही भरायचं. हे दोन्ही काम माझं.

संस्थेचे दवाखाने जिल्हाभर आहेत, भंडारदऱ्याकडच्या डोंगरापासून आमच्या कोरड्या बाजूपर्यंत. कुठला दवाखाना शुगरचं काम कसं करतो हे मोजायचं, असं संस्थेनं ठरवलं. नुसत्या गोळ्या वाटणं म्हणजे उपचार नव्हे, हे मलाही पटलं होतं आणि आजही पटतं. किती जणांची तीन महिन्यांची साखर बघितली, किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, किती जणांना डोळे दाखवायला पाठवलं, किती जणांचे पाय तपासले, असे रकाने होते. दर तीन महिन्यांनी सगळ्या दवाखान्यांचा एक तक्ता यायचा. चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, वाईट ते तांबडं. आमची सगळी ओळ हिरवी यायची. पायाचा रकाना तेवढा तांबडा.

पाय तपासणं म्हणजे काय ते सांगते. शुगर जुनी झाली की पायातली जाणीव जाते. काटा रुततो, खिळा लागतो, फोड फुटतो आणि माणसाला पत्ता नसतो. म्हणून माणसाला बसवून पाय हातात घ्यायचा, तळवा वर करून बघायचा, बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या, कुठे कळतं नि कुठे नाही ते विचारायचं. दोन्ही पायांना मिळून सात-आठ मिनिटं. आणि एका सकाळी सत्तरेक माणसं.

डॉक्टर म्हणाले, पायाचं जरा बघा. खोटं लिहा असं ते कधीही म्हणाले नाहीत. ते माझं.

एक महिना मी खरंच प्रयत्न केला. आमच्याकडे माणसं चपला पायरीवर काढून अनवाणीच आत येतात, त्यामुळे मला वाटलं होतं, सोपं जाईल. पण अनवाणी येणं वेगळं आणि स्टुलावर बसून दुसऱ्याच्या तोंडासमोर तळवा धरणं वेगळं. म्हाताऱ्या बायका पाय लुगड्यात ओढून घ्यायच्या. मी पाय हातात घेतला की माणसं माझ्या खांद्याला हात लावून तो स्वतःच्या छातीला लावायची, चुकून कुणाला पाय लागल्यावर करतात तसं. एक आजोबा तर उठूनच गेले. म्हणाले, माहेरवाशिणीला पाय लावायचं पाप मला नको, शुगर परवडली. एकेकाची समजूत घालता घालता साडेअकरा झाले, बाहेर उपाशी बसलेल्या एका बाईला चक्कर आली आणि रांगेतून आरडाओरडा सुरू झाला. मी पुढच्या सगळ्यांना तसंच सोडलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

त्या दुपारी टॅब घेऊन बसले. पाय तपासले: हो. जखम: नाही. जाणीव: ठीक. पहिल्या नावाला बोट अडखळलं. दहाव्या नावाला नाही अडखळलं. पुढच्या महिन्यापासून मी ते कार्डावरही पेशंटच्या समोरच लिहायला लागले. मी काय लिहितेय ते कुणी बघत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष साखरेच्या आकड्याकडे.

बघणारा एकच माणूस होता. आमचे सर.

सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, शुगर त्याच्याही आधीची. मुलगा पुण्यात, इथे सर आणि बाई दोघंच. आम्ही सगळी पोरं सरांच्या बायकोला बाईच म्हणायचो, जरी त्या शाळेत शिकवत नव्हत्या. सर शुगरच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पायात मोजे घालून यायचे. चपला काढा म्हटलं तर सँडल काढायचे, मोजे नाही. कार्ड घरी गेल्यावर ते ओळन् ओळ वाचायचे, आणि मी तारीख चुकवली तर पुढच्या महिन्यात दाखवायचे. शाळेतही तसेच. पंचावन्न पोरांच्या वह्या घरी न्यायचे आणि समासातली खाडाखोडसुद्धा तपासून मगच सही करायचे. न बघता केलेली सही मी त्यांच्या हातची कधी पाहिली नाही.

आणि मी काय करत होते? दर महिन्याला ते आत आले की मी खुर्चीवरून उठायचे आणि वाकून त्यांच्या पाया पडायचे. सगळ्या रांगेसमोर. त्यांच्या मोज्यांवर हात ठेवायचे, तो कपाळाला लावायचे. सर म्हणायचे, पुरे गं, रांग आहे. मग बसून मी लिहायचे, पाय तपासले, हो. एकदा, फक्त एकदा, मी म्हटलं होतं, सर, मोजे काढता का, तळवे बघते. त्यांनी पाय स्टुलाखाली मागे घेतले आणि म्हणाले, ‘विद्यार्थिनीसमोर तंगडी वर करू का आता?’ आम्ही दोघंही हसलो. मी त्यांना झापलं नाही. सगळ्या गावाला झापणारी मी, सरांना झापायला मला लाज वाटली. विषय तिथेच संपला आणि रकाना भरला गेला.

दोन तिमाह्यांत आमची ओळ पूर्ण हिरवी झाली. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर संस्थेनं आमच्याच गावात कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नर्स आल्या होत्या आणि पायाचं काम तुम्ही कसं जमवलं ते सांगा, असं मला माईकवर बोलावलं. मी बोलले. लाज वाटायला पाहिजे होती, पण मी छान बोलले. म्हटलं, माणूस पायरीवर चपला काढतो तिथूनच माझं निरीक्षण सुरू होतं, कोण लंगडतो, कोण जपून टेकतो, ते मी टिपते आणि त्यालाच बाजूला घेते. यातलं मी काहीच करत नव्हते. तिथल्या तिथे सुचलं. डोंगराकडच्या एका दवाखान्यातली नवी नर्स ते वहीत उतरवून घेत होती. नंतर ती मला भेटली. तिचा रकाना तांबडा होता. म्हणाली, आमच्याकडे माणसं लाजतात, एकेकाला समजावण्यात वेळ जातो, मग दिवसाला थोड्यांचेच पाय होतात. म्हणजे ती खरंच बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, जमेल हळूहळू.

सर पहिल्या रांगेत बसले होते. ही आमची विद्यार्थिनी, असं शेजारच्याला सांगत होते.

दिवाळीनंतरच्या शुगरच्या दिवशी सर आले नाहीत, बाई एकट्याच गोळ्या न्यायला आल्या. सरांना चार दिवस ताप आहे, पाय सुजलाय, सँडल चढत नाही, असं म्हणाल्या. मी डॉक्टरांना सांगून तशीच त्यांच्याबरोबर निघाले. घरात शिरतानाच वास आला. दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला तो वास ओळखावा लागत नाही. सर कॉटवर पडले होते, पायावर चादर होती. या वेळी मी विचारलं नाही. मोजा कापला आणि पाय वर केला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा पांढऱ्या आणि जाड झालेल्या, आत काळं. बाभळीच्या काट्याचा तुकडा अजून आत होता. सर म्हणाले, दुखत तर काही नाही गं, उगाच धावपळ करतेस.

त्याच दुपारी जीप करून त्यांना नगरला नेलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. आधी पाऊल जाईल असं म्हणत होते, ते वाचलं. ऑपरेशनच्या आधी तिथल्या सर्जननी विचारलं की पाय शेवटचा कधी कुणी बघितला होता. सरांनी तापातसुद्धा खिशातून पिवळं कार्ड काढून दिलं. म्हणाले, दर महिन्याला बघितलाय, ही काय, हिनंच. सर्जननी कार्ड वाचलं, जखमेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. कार्ड परत सरांच्या हातात दिलं आणि पुढच्या कामाला लागले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आत ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर मी आणि बाई बसलो होतो. बाई तशा कमी बोलणाऱ्या. पदरानं तोंड पुसत त्या खाली बघून म्हणाल्या, ‘पोळ्याच्या आधीच म्हनले हुते मी, मोजा वला व्हतोय, पिवळा डाग पडतोय. धुताना मलाच दिसायचं ना. दवाखान्यात दाखवा म्हनलं, तर कार्ड काढून म्होरं धरलं. म्हने, नर्सनं परवाच तपासून लिवलंय, जखम न्हाई, तुला तिच्यापरीस जास्त कळतं का.’

पोळ्याच्या आधी. म्हणजे त्यानंतरचे तीन शुगरचे दिवस. मी तिन्ही वेळा लिहिलं होतं, जखम नाही. न बघता कुणी सही करत असेल हे त्या माणसाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. मी काहीच लिहिलं नसतं, रकाना कोरा ठेवला असता, तर त्यांनी बायकोचं ऐकलं असतं. माझ्या आळसापेक्षा माझ्या अक्षरानं जास्त नुकसान केलं. मी बाईंना म्हटलं, चहा आणू का.

नंतर डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. त्यांनी ओळखलं. जरा वेळानं म्हणाले, अशी जखम महिन्याभरातसुद्धा चिघळू शकते. त्यांना काय सुचवायचं होतं ते मी नीट विचारलं नाही, पण ते वाक्य मी उचललं आणि महिनाभर धरून बसले. घरी नवऱ्याला तेच सांगितलं. रोज सरांकडे ड्रेसिंगला जायचे, पैसे न घेता, माझी ड्युटीही नव्हती ती, आणि गाव म्हणायचं, बघा, पोटची पोर करणार नाही इतकं करते. सरही म्हणायचे. मी पट्टी गुंडाळत ऐकून घ्यायचे. त्या दिवसांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. खोटं लिहिलं तेव्हा मला परिणाम माहीत नव्हता असं निदान म्हणता येईल. आता तर पाय माझ्या मांडीवर होता.

मग एक दिवस डोंगराकडच्या त्या नर्सचा फोन आला. आनंदात होती. म्हणाली, ‘मॅडम, तुमच्यासारखं पायरीवरूनच बघायला लागले. रकाना हिरवा झाला.’

मी तिला फोनवर सगळं सांगितलं. आधीसारखं कर, थोडे का होईना, पण हातात घेऊन बघ, असं म्हटलं. तिनं फोन ठेवला. तिला सांगणं त्या मानानं सोपं होतं, ती लांब होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रेसिंगला गेले. जाताना पाय तपासायचा दोरा कपाटातून काढून पिशवीत टाकला होता, संस्थेनं दिलेला, अजून पाकिटातच होता. बाई उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होत्या. सर पडवीत कॉटवर बसले होते, पाय उशीवर. पट्टी बदलून झाली आणि मी उठले नाही. म्हटलं, ‘सर, मी तुमचे पाय कधी तपासलेच नव्हते. एकदाही नाही. कार्डावर लिहिलंय ते सगळं खोटं आहे.’

बाईंचा हात थांबला. सर माझ्याकडे बघत राहिले. शाळेत उत्तर चुकलं की रागवायच्या आधी ते असेच बघायचे, पण आता रागावले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. त्यांनी मान वळवून बाईंना म्हटलं, ‘तू खरं सांगत होतीस. मी तुला गप्प बसवलं.’ बाई उठल्या. सूप बाजूला सारून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या आतमध्ये रडत होत्या का ते मला माहीत नाही. जाऊन बघायचं धाडस मला झालं नाही.

मी माफी मागितली. सरांनी ती झटकली, किंवा ऐकलीच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाकीच्यांचं?’

‘तसंच, सर. सगळ्यांचं.’

‘सत्तर माणसं.’

‘हो.’

रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत आम्ही दोघंही तसेच. माझ्या मनात येत होतं की आता हे म्हणतील, ऊठ, पुन्हा या घरात येऊ नकोस. ते म्हणाले असते तर मी गेले असते आणि मला सुटल्यासारखंही वाटलं असतं. पण त्यांनी दुसऱ्या पायाचा मोजा स्वतःच्या हातानं काढला. कॉटच्या कडेला हात टेकून तो पाय उचलला, आणि तळवा माझ्या तोंडासमोर धरला. म्हणाले, ‘हा बघ. आणि उद्यापासून त्यांचे बघ.’

मी पाय मांडीवर घेतला. मोबाईलच्या उजेडात तळवा बघितला, टाच बघितली, बेचक्या उघडून बघितल्या. जखम नव्हती. मग दोरा काढला. नायलॉनचा जाडसर दोरा असतो, त्याचं टोक कातडीवर टेकवून तो वाकेल एवढं दाबायचं. माणसानं डोळे मिटायचे आणि कळलं की हो म्हणायचं. सरांना तसं समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले, परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. मी अंगठ्याखाली दाबलं. मग दुसऱ्या बोटाखाली, करंगळीखाली, मधल्या खळग्यात, टाचेला. एकेका ठिकाणी तीन-तीनदा, थांबून थांबून. बाई तोवर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्या हाताकडे बघत होत्या. दोरा मी पिशवीत ठेवला.

सर अजून डोळे मिटूनच होते. म्हणाले, ‘कर की सुरू. किती वेळ लावतेस?’